पासवर्डऐवजी डिजिटल ओळखपत्र : वाचनालयातील एका वहीच्या निमित्ताने

अंत्रुजकर (धागाकर्ता)

फोंडा तालुक्यातील आमच्या गावात एक लहान वाचनालय आहे. दर शनिवारी दुपारी मी तेथे बसून गावातील वयस्क मंडळींची इंटरनेटवरील कामे करून देतो. विजेचे बिल, उत्पन्नाचा दाखला, जमिनीचा एक-चौदाचा उतारा, मुलाने परदेशातून पाठवलेले पैसे खात्यात आले की नाही याची खात्री, असे त्या कामांचे स्वरूप असते. सहा वर्षांत या कामातून एक वही तयार झाली आहे. तिच्यात आज ३१ माणसांची नावे, त्यांची निरनिराळी खाती आणि प्रत्येक खात्याचा पासवर्ड माझ्या अक्षरात लिहिलेला आहे. या मंडळींना पासवर्ड लक्षात राहत नाही, घरी लिहून ठेवलेला कागद चवथीच्या साफसफाईत जातो, आणि मग "तुमच्याकडेच राहू दे, भाई," असे म्हणून ती मोकळी होतात.

गेल्या महिन्यात ही वही बसमध्ये राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी कंडक्टरने ती स्वतः वाचनालयात आणून दिली, त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. ३१ घरांच्या किल्ल्या एका माणसाच्या पिशवीत असणे हेच मुळात चूक आहे, आणि ते मला सहा वर्षांपूर्वी कळायला हवे होते.

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत आहे. संगणकात पासवर्ड आला तो १९६० च्या दशकाच्या आरंभी, अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत. एकच यंत्र अनेक जण वापरत असल्यामुळे प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात, एवढाच फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हेतू होता. १९६२ मध्येच तेथील अॅलन शेर या संशोधकाने, यंत्रावर आपल्याला अधिक वेळ मिळावा म्हणून, सगळ्यांच्या पासवर्डची यादी छापून घेतली. ओळखीच्या, एका संस्थेतील माणसांमध्येही जी व्यवस्था वर्ष-दोन वर्षे धड टिकली नाही, तिच्या भरवशावर आपण आज पेन्शन आणि जमिनीचे कागद ठेवले आहेत.

एस्टोनियाने २००२ पासून नागरिकांना चिप असलेले ओळखपत्र देण्यास सुरुवात केली. संकेतस्थळावर प्रवेश करताना ते कार्ड वाचकयंत्रात घालून एक पिन द्यायचा, आणि एखाद्या दस्तऐवजावर सही करायची असेल तर दुसरा, वेगळा पिन द्यायचा. २००५ पासून तेथे याच कार्डाच्या आधारे घरबसल्या मतदानही करता येते. संकेतस्थळाकडे पासवर्ड ही वस्तूच नसल्यामुळे तेथून तो चोरीला जाण्याचा प्रश्न उरत नाही.

माझ्या शनिवारच्या कामांपैकी एकच काम असे आहे की ज्याला वही उघडावी लागत नाही, आणि ते म्हणजे हयातीचा दाखला. नोव्हेंबर २०१४ मध्ये जीवन प्रमाण ही पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याची सरकारी सेवा सुरू झाली तेव्हा तिला बोटाचा किंवा डोळ्याचा ठसा लागत असे. कुळागरात जन्मभर सुपारी सोललेल्या हातांचे ठसे यंत्र घेत नसे, आणि ती माणसे पुनःपुन्हा बोट धोतराला पुसून, आपलेच काहीतरी चुकते आहे अशा चेहऱ्याने माझ्याकडे पाहत. २०२१ पासून मोबाइलसमोर चेहरा धरून हा दाखला काढता येऊ लागला आणि तो त्रास पुष्कळ कमी झाला. मग इतर सगळीकडेही पासवर्ड काढून टाकून डिजिटल ओळखपत्र का आणू नये, हा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवत आहे. मला स्वतःला ते आणावे असेच वाटते. त्यात मला न दिसलेले धोके असतील तर ते अवश्य सांगावेत, कारण या वहीबाबत मला लवकर काहीतरी ठरवायचे आहे.

काणकोणकर

आपली तळमळ कळते, पण आपण सुचवलेला उपाय मला दुखण्यापेक्षा जड वाटतो. आज माझे विजेचे खाते, ग्रंथालयाचे खाते आणि या मंचावरचे खाते यांचा परस्परांशी काही संबंध नाही. उद्या तिन्ही ठिकाणी एकच सरकारी ओळखपत्र दाखवावे लागले, तर ज्याच्या हाती त्या नोंदी असतील त्याला माझा दिवस कसा गेला ते ओळीने वाचता येईल. आमच्याकडे खाणींच्या प्रश्नावर अनेकांनी टोपणनावानेच लिहिले, आणि ते टोपणनाव नसते तर लिहिलेही नसते. त्या माणसांनी कोणते कार्ड दाखवायचे होते?

पर्वरीकर

मी पर्वरीत संगणकप्रणालींचे काम करतो आणि लॉग-इनची व्यवस्था हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वर दोन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत. "काल आलेली व्यक्ती हीच का?" हा एक प्रश्न, आणि "ही व्यक्ती कोण?" हा दुसरा. या मंचाला फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर हवे असते. काणकोणकर हे काणकोणकरच आहेत एवढे कळले की पुरे, त्यांचे खरे नाव येथे कोणाला नको आहे. मामलेदार कचेरीला मात्र दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लागते. पासवर्डने या दोन्ही प्रश्नांना एकच कुलूप लावले. एकच ओळखपत्र सगळीकडे लावले तर तीच चूक आपण उलट्या दिशेने करू.

हा विचार नवा नाही. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने पासपोर्ट नावाची सेवा आणली होती. एकदा त्यांच्याकडे खाते उघडायचे आणि त्यावर इतर संकेतस्थळांवरही प्रवेश मिळवायचा, अशी ती योजना होती. आपल्या ग्राहकाच्या आणि आपल्या मध्ये तिसऱ्याला बसवायला बहुतेक संस्था तयार झाल्या नाहीत. पुढे त्याच कंपनीतील किम कॅमरॉन यांनी २००५ मध्ये डिजिटल ओळखीचे सात नियम मांडले. माणसाच्या संमतीशिवाय त्याची माहिती पुढे जाऊ नये, कामापुरती तेवढीच जावी, आणि ज्याचा त्या व्यवहाराशी न्याय्य संबंध नाही त्याला मध्ये स्थान नसावे, हे त्यांतील पहिले तीन नियम होत. वीस वर्षांनंतरही मला त्यांत बदलावेसे काही वाटत नाही. या विचारावर उभारलेली कार्डस्पेस ही प्रणाली विंडोज व्हिस्टाबरोबर आली. पाकिटातील कार्डांसारखी चित्रे पडद्यावर दिसत आणि कोणत्या ठिकाणी कोणते कार्ड द्यायचे ते आपण निवडायचे. काही कार्डे आपली आपणच करायची, काही बँकेसारख्या संस्थेने द्यायची. आणि स्वतः केलेले एकच कार्ड दोन ठिकाणी दाखवले तरी दोघांना वेगवेगळे क्रमांक जात असल्यामुळे त्यांना आपापसांत ताळा जुळवता येत नसे. काणकोणकरांच्या भीतीला इतके नेमके उत्तर त्याआधी कोणी दिल्याचे मला आठवत नाही. तरीही ती चालली नाही. कार्डे एका संगणकात अडकून राहत, दुसऱ्या संगणकावर न्यायची तर खटपट करावी लागे, आणि ती स्वीकारणारी संकेतस्थळे फारच थोडी होती. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते काम थांबवले.

आज त्यातला अर्धा भाग पासकी या नावाने परत आला आहे. २०२२ मध्ये अॅपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनीही तिला पाठिंबा जाहीर केला. फोनमध्ये किल्ल्यांची एक जोडी तयार होते. एक किल्ली फोनकडे गुप्त राहते आणि तिची जोडीदार संकेतस्थळाकडे जाते. प्रवेशाच्या वेळी संकेतस्थळ एक कोडे पाठवते आणि गुप्त किल्लीने त्यावर सही करून फोन ते परत करतो. संकेतस्थळाकडची यादी चोरीला गेली तरी चोराच्या हाती निम्मी, निरुपयोगी जोडी लागते. बँकेच्या नावाने कोणी बनावट पान उभे केले तरी फोन तेथे सही करतच नाही, कारण किल्ली मूळ पत्त्याशी बांधलेली असते. प्रत्येक ठिकाणची जोडी वेगळी असल्यामुळे टोपणनावही सुरक्षित राहते. मात्र पासकी पहिल्याच प्रश्नाचे उत्तर देते. आपण कोण, हे ती सांगत नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी जर्मनीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. नोव्हेंबर २०१० पासून तेथील ओळखपत्रात अशी सोय आहे की संकेतस्थळाने "वय १८ पूर्ण आहे का?" असे विचारले तर कार्ड "होय" एवढेच सांगते, जन्मतारीख देत नाही. शिवाय प्रत्येक सेवेसाठी वेगळे टोपणनाव तयार करण्याची क्षमताही त्याच कार्डात आहे. आपल्याकडे आधारच्या १२ अंकांऐवजी देता येणारा १६ अंकी आभासी क्रमांक २०१८ पासून उपलब्ध आहे, पण झेरॉक्सच्या दुकानात उभे राहून पाहा, किती जण तो वापरतात.

एस्टोनियाबद्दल एक पुरवणी जोडतो. २०१७ मध्ये चेक प्रजासत्ताकातील संशोधकांना तेथील कार्डांच्या चिपमध्ये किल्ल्या तयार करण्याच्या पद्धतीतच दोष सापडला आणि सुमारे साडेसात लाख कार्डे बाधित निघाली. नोव्हेंबरमध्ये सरकारने त्यांची प्रमाणपत्रे स्थगित केली आणि लोकांनी ती घरून किंवा पोलीस कचेरीत जाऊन नवी करून घेतली. देश लहान होता आणि तयारी होती, म्हणून निभावले. पासवर्ड फुटले तर ते एखाद्या माणसाचे किंवा एखाद्या संकेतस्थळाचे फुटतात, चिपमधील दोष मात्र एकाच दिवशी सगळ्यांच्या दारात येतो, हे ओळखपत्राचा आग्रह धरताना विसरता येणार नाही.

तारवटी_बार्देश

मी वर्षातले सात-आठ महिने जहाजावर असतो. माझ्या बँकेचा ओटीपी भारतातील नंबरावर येतो आणि समुद्रात त्या नंबराला रेंज नसते, म्हणून ते सिमकार्ड मी घरी पत्नीच्या फोनमध्ये ठेवून जातो. पासवर्डही तिलाच माहीत आहे. मुलांची फी, घराचा कर, आईच्या औषधांचे पैसे, हे सगळे तीच माझ्या नावाने करते. आमच्या वाड्यावरच्या प्रत्येक तारवट्याच्या घरात हेच चालते. नियमाने ते चूक आहे, हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे.

जमिनीच्या कामासाठी मी तिला रीतसर मुखत्यारपत्र करून दिले आहे. ते दाखवले की कचेरीत तिला कोणी अडवत नाही, आणि तिने माझ्या वतीने काय करायचे व काय नाही हेही त्यात लिहिलेले आहे. संकेतस्थळावर असे काहीच नाही. तेथे पत्नीला मीच व्हावे लागते. उद्या पासवर्डच्या जागी माझा चेहरा किंवा माझे कार्ड आले तर खाते अधिक सुरक्षित होईल यात शंका नाही, पण मी अटलांटिकमध्ये असताना आईला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर त्या सुरक्षिततेचे काय करायचे?

चिप असलेले ओळखपत्र मला नवीन नाही. २००३ च्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १८५ क्रमांकाच्या करारानुसार खलाशांसाठी जे ओळखपत्र ठरले, ते माझ्या खिशात आहे. परक्या बंदरावर उतरताना ते मला फार उपयोगी पडते, पण माझ्या घरच्या कामाला त्याचा काहीच उपयोग नाही.

भतग्राम_शिक्षिका

तारवटी यांनी मांडलेला मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याकडे मी परत येणार आहे. त्याआधी गोव्यापुरती एक अडचण सांगते.

पासवर्डला नाव लागत नाही. शब्द बरोबर टाकला की दार उघडते. ओळखपत्राचे सगळे काम मात्र नावावर चालते, आणि आपल्याकडे नाव हीच सर्वांत अस्थिर गोष्ट आहे. पोर्तुगीज काळातील जन्मनोंदीत नाईक हे आडनाव शेवटी 'क्यू-यू-ई' लावून लिहिलेले असते, शाळेच्या दाखल्यावर ते 'के' वर संपते. कामतांचे जुन्या कागदांत 'कामोतिम' होते. शेणवींचे 'सिनाय' होते आणि ते कधी आडनावात तर कधी मधल्या नावात जाऊन बसते. काही घरांनी १९६१ नंतर गावावरून आडनाव घेतले, काहींनी घेतले नाही, आणि एका घरातील दोन सख्ख्या भावांची आडनावे वेगळी असल्याचे मी शाळेच्या पटावर पाहिले आहे. नाव बदलून घेण्यासाठी १९९० चा गोव्याचा स्वतंत्र कायदा आहे, यावरूनच हा प्रश्न किती घरांत असेल ते लक्षात यावे.

कचेरीतील माणूस हे सगळे जाणतो. तो विचारतो, "तुमचे घर देवळामागचे ना?" आणि सही करतो. यंत्र अक्षराला अक्षर लावून पाहते. माझ्या सासूबाईंचा एक अर्ज गेल्या वर्षी एका संकेतस्थळाने तीन वेळा परत पाठवला, कारण एका कागदावर वडिलांच्या नावात एक 'ए' जास्त होता, आणि तो सुधारण्यासाठी ज्या दुसऱ्या संकेतस्थळावर जावे लागत होते त्यालाही तेच नाव जुळायला हवे होते. त्या ७९ वर्षांच्या आहेत. आपल्या वडिलांचे नाव त्यांना कोणी चुकीचे ठरवावे, याचे त्यांना जे दुःख झाले ते मी डोळ्यांनी पाहिले. म्हणून माझे म्हणणे असे आहे की ओळखपत्र आणायचे असेल तर आधी पंचायतीच्या पातळीवर नावे जुळवून देण्याची सोय व्हावी, आणि ती करणाऱ्या माणसाला "ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत" असे लिहून देण्याचा अधिकार असावा.

आता तारवटी यांच्या मुद्द्याविषयी. अंत्रुजकर, आपल्या वहीतील ३१ माणसांपैकी उद्या कितीजण स्वतःचे कार्ड स्वतः वापरू शकतील? मला वाटते, बहुतेक जण ते कार्ड आणि पिन आपल्याच हातात देऊन "भाई, तुम्हीच करा" असे म्हणतील.

पर्वरीकर

शिक्षिकाताईंनी वर्मावर बोट ठेवले. या प्रश्नाला फ्रान्समध्ये एक व्यवहार्य उत्तर काढलेले आहे. 'एदाँ कनेक्ट' नावाची तेथील सरकारी सेवा नेमकी अंत्रुजकरांसारख्या मदतनीसांसाठी आहे. मदतनीसाच्या संस्थेला आधी मान्यता घ्यावी लागते. मग ज्याला मदत हवी तो नागरिक त्या मदतनीसाला एक अधिकारपत्र देतो. कोणती कामे करायची ते त्यात लिहिलेले असते आणि त्याची मुदत एक दिवसाची किंवा एक वर्षाची असू शकते. त्यानंतर मदतनीस आपल्या खात्यातून, दुसऱ्याच्या वतीने, तेवढेच काम करतो. नागरिकाचा पासवर्ड त्याला कळण्याची गरज राहत नाही, आणि कोणी काय केले याची नोंद राहते.

तारवटी यांच्या मुखत्यारपत्राचेच हे डिजिटल रूप आहे. तंत्राच्या बाजूने यात कठीण काही नाही. आपल्या प्रणाली आखताना आम्ही मनात एक माणूस आणि त्याचा एक फोन असे चित्र धरतो. सामायिक फोन, घरी ठेवलेले सिम, वाचनालयातील भाई, यांना त्या चित्रात जागाच नसते. ही उणीव माझ्या व्यवसायातील लोकांची आहे आणि ती मी मान्य करतो.

काणकोणकर

या रूपात मला ओळखपत्राची भीती पुष्कळ कमी वाटते. दोन गोष्टींचा आग्रह मात्र मी सोडणार नाही. त्या नोंदी ज्याच्या नावावर व्यवहार झाला त्याला सर्वप्रथम, आणि त्याला कळेल अशा भाषेत, पाहता आल्या पाहिजेत. दुसरे म्हणजे, ज्याला कार्ड नको त्याच्यासाठी कचेरीची खिडकी उघडी राहिली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि २०१८ मध्ये खाजगी कंपन्यांना ओळखीसाठी आधार वापरू देणारी तरतूद रद्द केली. पुढच्याच वर्षी स्वेच्छेच्या नावाने तिचा काही भाग कायद्यात परत आला. स्वेच्छा म्हणजे काय, हे खिडकी उघडी आहे की बंद यावरूनच ठरते. आमच्या तालुक्यात अशी घरे आहेत जेथून रेंज मिळवायला डोंगर चढावा लागतो.

अंत्रुजकर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत याबद्दल आभारी आहे. माझ्या पहिल्या लेखनात मी कार्डाचा विचार केला होता, मदत करणाऱ्याचा केला नव्हता, आणि तो मदत करणारा मीच होतो.

या शनिवारी मी वही घेऊन बसलो आणि आलेल्या १४ जणांशी एकेक करून बोललो. पाच जणांच्या घरी स्मार्टफोन वापरणारे नातवंड आहे. त्यांच्या ज्या खात्यांना पासकीची सोय होती तेथे ती करून दिली, बाकीचे पासवर्ड बदलून घरच्यांच्या स्वाधीन केले आणि वहीतील पाने त्यांच्यासमोर फाडली. चार जणांना मी पाने परत दिली. एका आजींनी पान घ्यायला नकार दिला. माझ्यावर विश्वास आहे, म्हणून पान माझ्याकडेच राहावे, असे त्या म्हणाल्या. मी त्यांना समजावले, की विश्वास तसाच राहील, फक्त पासवर्ड त्यांच्या पेटीत राहील आणि येताना त्यांनी तो घेऊन यावा. त्या रागावून गेल्या, पण पान घेऊन गेल्या. उरलेल्या पाच जणांना घरी कोणीच नाही आणि डोळ्यांनी वाचताही येत नाही. त्यांच्यासाठी वही अजून आहे. ती आता वाचनालयाच्या लोखंडी कपाटात असते आणि त्याची दुसरी किल्ली अध्यक्षांकडे दिली आहे.

या पाच जणांसाठी तारवटी यांच्या मुखत्यारपत्रासारखा एक पानी कागद करावा असे मनात आहे. कोणते काम, कोणत्या तारखेपर्यंत, आणि काम झाल्यावर मी त्यांना काय वाचून दाखवायचे, एवढेच त्यात असेल. संकेतस्थळाच्या दृष्टीने त्याला काही किंमत नाही, हे मी जाणतो. पण गावच्या दोन माणसांसमोर तो वाचला गेला तर निदान मी काय करू शकतो आणि काय नाही, हे त्या पाच जणांना आणि मला स्पष्ट होईल. मसुदा उद्या येथे देतो. त्यात बँकेची कामे असावीत की ती पूर्णपणे वगळावीत याबद्दल माझा निर्णय होत नाही. काणकोणकर आणि शिक्षिकाताई यांनी तेवढे पाहून सांगावे.